गुलाबाईच्या महिन्यातली चौकशी

परवा संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची सई दारात येऊन उभी राहिली. हातात झाकणाचा प्लास्टिकचा डबा आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षा घ्यायला आलेल्या मास्तरांचा भाव. "आजी, ओळखा," म्हणाली आणि माझ्या कानाशी तिनं डबा हलवला. जळगावात आमच्या या इमारतीत अजून दोन-तीन घरी गुलाबाई बसते. गाणी पोरींना पाठ नसतात, त्या मोबाइलमधून वाचतात. पण खाऊ ओळखायचा खेळ मात्र त्यांनी सोडलेला नाही. मी कान लावला. प्लास्टिकला मेला आवाजच नसतो. चिवडा म्हटलं, चूक. शंकरपाळे म्हटलं, चूक. सई खूश होत होती, आणि मी मात्र जुन्या गल्लीत जाऊन पोचले होते. भादवा सरताना, ऊन पुन्हा तापायला लागलं आणि कुणी कानाशी डबा वाजवला, की माझं असंच होतं.

अमळनेरच्या आमच्या गल्लीत हा महिना पोरींचा असे. भाद्रपदाच्या पौर्णिमेला मातीची गुलाबाई आणि तिचे गुलोजी कोनाड्यात बसत, ते कोजागिरीला उठत. रोज दिवेलागणीला पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर फिरायच्या, गाणी म्हणायच्या, आणि शेवटी त्या घरचा खाऊ न बघता, न हुंगता, केवळ डब्याच्या आवाजावरून ओळखायच्या. ओळखता आला नाही तर सगळ्यांनी मोठ्यानं "हरलो" म्हणायचं. म्हटल्याशिवाय झाकण उघडत नसे. काही पोरी इतक्या हट्टी, की रडायच्या, पण हरलो म्हणायच्या नाहीत.

आमच्या समोर गोदाअक्का राहायच्या. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, जीभ मिरचीच्या ठेच्यासारखी. गल्लीतल्या निम्म्या घरांशी त्यांचं भांडण, आणि त्यांच्या शेजारच्या नानांशी तर गटारावरून कायमचंच. पण गुलाबाईच्या महिन्यात भांडणं बाजूला राहायची, कारण गोदाअक्कांचा खाऊ कुणाला म्हणून ओळखता येत नसे. त्या लाडू फडक्यात बांधून ठेवायच्या, ज्वारीचे पापड, म्हणजे बिबडे, मोडून त्यात लाह्या मिसळायच्या, एकदा तर डब्यात नुसते पेरू टाकून पोरींना रडकुंडीला आणलं होतं. पोरी हरल्या की बाई लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायची. नानांची मुलगी उज्ज्वला, आमची उजू, ही एकटीच अशी, जी गोदाअक्कांना हरवायची.

उजूला मी पाचवीपासून शाळेत शिकवलं. शाळेत ती मला बाई म्हणे, गल्लीत वहिनी. डबा हातात आला की बाकीच्या पोरी खुळखुळ्यासारखा हलवत सुटायच्या. उजू तसं करायची नाही. आधी डबा हळूच तिरका करायची, आतला माल घसरतो की गडगडतो ते ऐकायची, मग बोटाच्या पेरानं एकदा वर, एकदा खाली ठोकायची, आणि बराच वेळ गप्प बसायची. गोदाअक्का चिडून म्हणायच्या, पोरगी आहे की वैद्य? आणि उजू बरोबर सांगायची. हे शिकवून येत नाही. निदान मी तरी तिला शिकवलं नव्हतं.

नव्वदीच्या सुरुवातीचं ते वर्ष. उजू पुण्याला वसतिगृहात दोन वर्षं राहून पदार्थविज्ञानात एम.एस्सी. होऊन आली होती. आणि श्रावणात तिच्या नावानं सरकारी शिक्क्याचं जाड पाकीट आलं. सातपुड्यापलीकडे, माळव्यात, सरकार एक मोठं यंत्र उभं करत होतं. गोल रिंगणात विजेचे अतिसूक्ष्म कण पळवायचे, इतके जोरात की प्रकाशाच्या बरोबरीला यावेत, आणि त्यातून जो झोत निघेल त्यानं पदार्थाच्या आतलं बघायचं. त्या कामावर घ्यायच्या मुलांमध्ये उजूची निवड झाली होती. वर्षभर सरकारच शिकवणार, राहायला जागा देणार, मग तिथंच नोकरी. गल्लीला धक्काच बसला. आमच्या गल्लीतून सरकारनं आजवर मास्तर नेले होते, तलाठी नेले होते, एकदा एका पोराला चोरीच्या आळावरून नेलं होतं. विजेचे कण पळवायला कुणाला नेलं नव्हतं.

मी विचारलं, कण पळवायचे म्हणजे काय गं? ती म्हणाली, "आखाजीच्या सणाला बांधतो तो झोका कसा, वहिनी? एकदम ढकलला तर वर जात नाही. परत येतो तेव्हा नेमक्या वेळी थोडा थोडा धक्का द्यायचा. यंत्र तेवढंच करतं, फक्त फेरी फेरीला." आणि आतलं कसं कळतं? तर डबा हलवून. हे मला समजलं, किंवा समजलं असं वाटलं.

पानटपरीवर मात्र दोन दिवस वाद चालला. आठवड्यातून दोनदा नळ येणाऱ्या गावानं विचारायचा तोच प्रश्न लोकांनी विचारला, की सरकारनं आधी पाणी पळवावं, मग कण पळवावेत. उजू घाबरली नाही. ती म्हणाली, याचा उपयोग औषधाला होईल, धातूला होईल, आणखी कशाकशाला होईल ते आज कुणालाच सांगता येणार नाही. आणि सांगता येत नाही म्हणूनच ते सरकारनं करायचं, व्यापारी कशाला करेल? नाना तेलाच्या गिरणीत फिटर. त्यांनी वाद एका वाक्यात मिटवला. "सरकार आपला कापूस लेस, तशी आपली पोर लिधी. माल चोख शे म्हनीसन लिधी." सरकारनं कापसासारखीच पोरही पारखून घेतली, कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांच्या रांगेत उभं राहिलेल्या गावाला एवढं पुरेसं होतं.

आता माझं सांगते. मी शिकलेली, मास्तरीण, पंधरा वर्षं पोरींना शिका म्हणून सांगणारी. पण मनातून मला ते उजूचं वेड वाटत होतं. दोन महिन्यांत उतरेल असं वाटत होतं. कारण त्याच सुमारास उजूच्या मावशीनं धुळ्याचं एक स्थळ आणलं होतं. मुलगा बँकेत, वडील मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. धुळ्यात त्यांना सगळे साहेबच म्हणत. असं घर चालून येत नाही. धुळ्याची माणसं आधी शेजारीपाजारी चौकशी करतील, असं मावशी सांगून गेली होती, आणि उजूच्या आईनं, माईनं, माझा हात धरून म्हटलं होतं, कुणी आलं तर चार शब्द बरे बोला. नोकरीसाठी पोलिसांचीही चौकशी होते, हे उजूनं सांगितलं होतं. पण पोलीस म्हणजे खाकी, पोलीस म्हणजे जीप. नाना तर म्हणाले होते की जीप गल्लीत वळणार नाही, बाहेरच उभी करावी लागेल.

पितृपक्षातली दुपार होती. एक माणूस सायकलवरून आला. पांढरा शर्ट, हातात डायरी. सायकल माझ्या ओट्याला टेकवून म्हणाला, "साहेबांनी पाठवलंय. समोरच्या उज्ज्वलाबाईंची चौकशी आहे. घरच्यांना एवढ्यात सांगू नका." त्याच्या पायातले लालसर जाड बूट मला दिसले होते. मला वाटलं, बँकेतला शिपाई असेल. पितृपक्षात सोयरिकीची बोलणी कुणी करत नाही, हेही मला ठाऊक होतं. तेही मी मनातल्या मनात मिटवलं, की चौकशीला कुठे मुहूर्त लागतो, दसऱ्याला बघायला यायचं असेल म्हणून आधीच उरकून घेताहेत. माणसाला जे हवं असतं त्याच्या बाजूचा पुरावा तो कुठूनही गोळा करतो.

त्यानं विचारलं, मुलीला किती वर्षांपासून ओळखता. वागणूक कशी. ऊठबस कुणाशी. सभा, मोर्चे यांत जाते का. मी म्हटलं, अहो, ती मान वर करून चालत नाही. त्यानं विचारलं, बाहेरच्या देशात कुणी ओळखीचं? मला वाटलं, मुलाला परदेशी धाडायचा विचार दिसतो यांचा. म्हटलं, तिला चाळीसगावसुद्धा परदेश वाटतो. मग त्यानं डायरीतून मान वर केली आणि विचारलं, घराबाहेर, परगावी कुठे राहिलेली आहे का?

इथं मी थांबायला हवं होतं. पण वसतिगृहात राहिलेली मुलगी म्हटलं की स्थळं बिचकतात, हे मी तीन घरांत पाहिलेलं. मी म्हटलं, छे. एक रात्र घराबाहेर नाही. धुळ्याला तिचे मामा आहेत, त्यांच्याकडे राहून शिकली, घरातल्यासारखीच. तो म्हणाला, पुण्याला नव्हती? "पुण्याला कशाला जाईल?" मी म्हटलं. आणि त्यानं न विचारताच मी पुढचंही सांगून टाकलं, की नोकरीबिकरी करायची तिला अजिबात इच्छा नाही, शिक्षण आपलं हौसेनं केलंय, तिला घरकामाची आवड. तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, बरं म्हणाला, आणि डायरीखालून एक कागद काढून खाली सही मागितली. परीक्षेत पोरींना बजावणारी मी, की आधी प्रश्नपत्रिका नीट वाचा. मी तो कागद वाचला नाही. धुळ्याची माणसं भलती पक्की, एवढंच मनात आलं, आणि मी वळणदार सही केली.

मग तो रस्ता ओलांडून गोदाअक्कांच्या ओट्यावर गेला. ही बाई स्थळ मोडणार, याबद्दल मला शंका नव्हती. दारामागून बघत होते, तर त्या हात नाचवत बोलत होत्या, आणि तो भराभर लिहून घेत होता. संध्याकाळी मी उजूच्या माईला डोळ्यांनी खूण केली, की झालं. काय झालं हे मलाच माहीत नव्हतं.

नवरात्र आलं. दिवसा ऊन चटका द्यायचं आणि पहाटे अंगावर चादर लागायची. रस्त्यावरून कापूस वेचायला जाणाऱ्या बायांच्या कमरेला बांधलेल्या ओट्या दिसायला लागल्या, बैलगाडीतून सांडलेला कापूस गटाराच्या कडेला अडकून राहायचा. पोरी रोज टिपऱ्या घेऊन फिरत होत्या. उजू आता मोठी, ती गात नसे, पण डबा तिच्या हातात द्यायचाच असा लहान पोरींचा हट्ट. धुळ्याचं कुणीच आलं नाही. मला वाटलं, गोदाअक्कांनी केलं आपलं काम.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पत्र आलं. धुळ्याहून नव्हे, जळगावच्या पोलीस कार्यालयातून. अर्जदारानं दिलेल्या माहितीत आणि चौकशीत तफावत आढळली आहे, समक्ष हजर राहून खुलासा करावा. नाना आणि उजू मिळेल त्या गाडीनं लगेच गेले. संध्याकाळी परतले तेव्हा नानांचा चेहरा मी पाहिला, आणि तो अजून विसरले नाही. ओट्यावर बसून ते सांगायला लागले, आणि गल्ली भोवती जमली. दोन शेजाऱ्यांचे जबाब होते. एकानं सांगितलं, मुलगी पुण्याला दोन वर्षं वसतिगृहात होती. दुसऱ्यानं लिहून दिलं होतं, की ती पुण्याला कधी गेलीच नाही आणि तिला नोकरीची इच्छाही नाही. वसतिगृहाचा दाखला उजूकडे होता, पण कारकुनाचं म्हणणं वेगळंच होतं. शेजारी उगाच कशाला लपवतील, पुण्याला असं काय झालं होतं की गल्लीनं ते झाकावं? येत्या सोमवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर शेरा प्रतिकूल जाणार होता. सरकारच्या त्या यंत्रापाशी शंकेचा माणूस चालत नाही.

मला ऐकू येणं बंद झालं. खरंच सांगते, ओठ हलताना दिसत होते आणि आवाज येत नव्हता. तो धुळ्याचा नव्हता. ते बूट. तो साहेब. मी जे तिच्या अब्रूसाठी झाकलं, त्याच्यामुळेच तिच्या अब्रूवर बोट आलं होतं, आणि जी गोष्ट तिला आयुष्यात सगळ्यात जास्त हवी होती ती तिला नको असल्याचं मी सही करून दिलं होतं. नानांनी मान वर केली आणि गोदाअक्कांच्या घराकडे पाहून एवढंच म्हणाले, "एवढं वैर? गटारना पायी?"

सगळी गल्ली तिकडे वळली. गोदाअक्कांशिवाय असं कोण करणार? मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. पाच पावलांवर उजू उभी होती, तिच्या हातात तो सरकारी लखोटा होता, आणि मी घरात जाऊन दार लावून घेतलं.

पुढचे पाच दिवस मी रोजच्यासारखीच जगले. शाळेत शिकवत होते, डबे भरत होते, झोपत होते. गोदाअक्कांशी गल्ली बोलेनाशी झाली. नळावर त्यांची घागर कुणी बाजूला सारली. पोरींना आयांनी सांगून टाकलं, की गुलाबाई घेऊन तिथं जायचं नाही. आणि मी हे सगळं खिडकीतून बघत होते. मला सगळ्यात मोठा धक्का खोटं बोलल्याचा नव्हता. मी किती सहज बोलले, आणि बोलताना ते मला खोटं वाटलंही नाही, याचा होता. पुन्हा पुन्हा ते प्रश्न आठवत होते. वागणूक कशी, ऊठबस कुणाशी, बाहेर कुठे राहिली का. सरकारनं मुलगी घेताना विचारलेले प्रश्न आणि सासरच्यांनी मुलगी घेताना विचारायचे प्रश्न इतके सारखे होते, की मी फसले यात नवल नव्हतं. नवल एवढंच, की एका अनोळखी माणसानं ते मला विचारले, आणि मी बेधडक उत्तरं दिली.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, नोकरी सोड म्हणतील शाळेवाले. त्यांचं चुकलं नव्हतं. सरकारी कागदावर खोटं लिहून देणारी मास्तरीण. शनिवारी कोजागिरी होती, आणि सोमवार तोंडावर.

त्या संध्याकाळी पोरी आमच्या रांगेत शेवटची गाणी म्हणत होत्या. समोरच्या ओट्यावर गोदाअक्का बसल्या होत्या. नवं लुगडं नेसल्या होत्या आणि मांडीवर जर्मनचा, अॅल्युमिनियमचा मोठा डबा होता. पोरी एकेक घर करत आल्या, त्यांच्या दारापाशी आल्या आणि खाली बघत पुढच्या दारी गेल्या. गोदाअक्का हलल्या नाहीत. डबा तसाच मांडीवर. मी रस्ता कधी ओलांडला मला कळलं नाही. त्यांच्या पायरीवर बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता डबा उचलून माझ्या कानाशी हलवला. आवाज नव्हता. तिरका केला, काही घसरलं नाही. मला वाटलं, कुणी येणार नाही हे ठाऊक असल्यानं बाईनं खाऊ केलाच नाही. म्हटलं, रिकामा आहे का, अक्का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा हलवून दाखवला.

"हरले," मी म्हटलं. आणि मग थांबता येईना. हरले अक्का, तो जबाब माझा होता, धुळ्याचा माणूस समजून मीच सही केली, तुमच्यावर आळ आला आणि मी गप्प बसले. सगळं एका दमात सांगितलं. गोदाअक्कांचा चेहरा जसा होता तसाच राहिला.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या. "तो तुना घरथून मना घर उना. म्हने, समोरनी बाई तं म्हनस पोर पुनाले गयीच नही."

मी काय सांगितलं ते त्यानं त्यांना तेव्हाच ऐकवलं होतं. मग तुम्ही बोलला का नाहीत, म्हटलं. लोक तुम्हाला काय काय बोलत होते.

त्यांनी डब्यावरून हात फिरवला. "काय बोलू? मालेबी तो धुयाना सोयराच वाटना. मी खरं सांगं, पन पोरनी सोयरीक मोडो म्हनीसन सांगं. तू खोटं सांगं, पन तिनं भलं व्हवो म्हनीसन. आते कोन चांगलं नि कोन वाईट, तूच सांग, मास्तरीन."

त्यांनी स्थळ मोडावं म्हणून खरं सांगितलं होतं, आणि मी भलं व्हावं म्हणून खोटं. मग त्या म्हणाल्या, उजूलासुद्धा माहीत आहे. जळगावला कारकुनानं नाव झाकून कागद दाखवला, पण खालची सही झाकायची राहिली. पाचवीपासून प्रगतिपुस्तकावर बघितलेली सही पोरीनं एका नजरेत ओळखली. त्याच रात्री मागच्या दारानं गोदाअक्कांकडे आली आणि त्यांचे पाय धरून म्हणाली, तुमच्यावर आळ येतोय, पण दोन दिवस द्या, वहिनी आपणहून सांगतील. दोन दिवसांचे पाच झाले होते.

सगळ्या गल्लीपासून मी लपले होते, आणि ज्या दोघींपासून लपायचं त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. लाज म्हणजे काय, ते मला त्या पायरीवर कळलं. मी विचारलं, आणि मी सांगितलंच नसतं तर? गोदाअक्का म्हणाल्या, "तं सोमवारले तुना झिपऱ्या धरीसन जयगावले लई जाती." आणि त्यांनी झाकण काढलं. दाण्याचे लाडू होते, एकाला एक चिकटून, वरपर्यंत दाबून भरलेले. पोरी न आलेल्या पाच दिवसांचा सगळा खाऊ त्यांनी त्या एकाच दिवसासाठी केला होता. डबा वाजायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी गल्लीत, सगळ्यांसमोर, मी नानांना सांगितलं. नाना उठले, आत गेले, आणि परत येऊन गोदाअक्कांच्या पायरीवर बसले. उजूच्या माईनं माझ्याशी पुढे वर्षभर धड बोलणं केलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

सोमवारी सकाळच्या पॅसेंजरनं नाना, उजू, गोदाअक्का आणि मी, असे आम्ही चौघं जळगावला गेलो. डब्यात कापूस वेचणाऱ्या बायांची गर्दी. गोदाअक्का खिडकीशी बसून सगळ्या वाटेवरच्या शेतांना नावं ठेवत होत्या. कार्यालयात साहेबांनी माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, शासनाला खोटी माहिती देणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? हो, म्हटलं. मी काही बोलायच्या आत गोदाअक्का पुढे झाल्या. "सायेब, हिले धरतस तं मालेबी धरा. आम्हीन दोन्हीसनी तुमना मानूसले सोयरा समजं." साहेबांनी त्या माणसाला बोलावलं. तेच बूट. तो म्हणाला, मी तर बाईंना सांगितलं होतं, साहेबांनी पाठवलंय म्हणून. साहेबांनी डोळे मिटून घेतले. मग त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि पहिल्यापासून विचारायला लागले. कधीपासून ओळखता. वागणूक कशी. पुण्याला होती का. मी एकेकाचं खरं उत्तर दिलं.

शेवटी त्यांनी विचारलं, "आणि मुलीला ही नोकरी करायची आहे का?"

तोंडात हो आलं होतं. पण तेही मी तिच्या वतीनंच म्हणणार होते, पितृपक्षात नाही म्हटलं तसंच. मला आठवेना, की उजूला हे कुणी कधी विचारलं. नानांनी माल चोख आहे म्हटलं, मावशीनं स्थळ आणलं, सरकारनं पाकीट पाठवलं, मी सही केली.

मी म्हटलं, "मी तिला कधी विचारलं नाही, साहेब. ती बाहेर बाकावर बसली आहे. तिलाच विचारा."

उजू आत आली. साहेबांनी विचारलं. ती "हो" म्हणाली. एवढं एकच अक्षर, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली. नवा जबाब मी दोनदा वाचला आणि मग सही केली. माझ्या शाळेत कुणी काही कळवलं नाही. का नाही, ते मी कधी विचारलं नाही.

दिवाळीनंतर ती गेली. एसटी धुळ्यावरून, शिरपुरावरून सातपुडा चढणार होती. स्टँडवर तिनं आधी गोदाअक्कांना वाकून नमस्कार केला, मग मला. गोदाअक्कांनी तिला तोच जर्मनचा डबा दिला. उजूनं तो तिरका केला, पेरानं एकदा वर, एकदा खाली ठोकला, आणि हसून पिशवीत ठेवला. धुळ्याचं स्थळ केव्हा मोडलं, आम्हाला कळलंही नाही. पुढे काही वर्षांनी तिचं पत्र आलं, की रिंगणात कण फिरले, पहिला झोत दिसला. गोदाअक्कांनी ते पत्र माझ्याकडून चारदा वाचून घेतलं. त्यांना त्यातलं एवढंच हवं होतं, की पोर आत काय आहे ते ओळखायला बसली आहे.

गोदाअक्का गेल्या, ती गल्ली मी सोडली. उजूच्या केसांत आता पांढरं आहे, आणि अजून मला ती वहिनीच म्हणते. जे झालं त्याबद्दल तिनं मला एका शब्दानं विचारलं नाही. मीही माझ्या बाजूचं काही सांगितलं नाही, कारण माझी बाजू तिला माझ्याआधी माहीत होती.

सईनं डबा पुन्हा माझ्या कानाशी आणला. आतून काहीच हललं नाही. तिचे डोळे चमकत होते. म्हातारी अडली, हे तिच्या लक्षात आलं होतं. "आजी, हरलात?"

हरले, मी म्हटलं. हे म्हणायला मला आता वेळ लागत नाही. त्या वर्षी पाच दिवस लागले होते.